मुक्या जीवांचे आश्रयदाते : संत मार्टिन द पोरेस

(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरविलेल्या व्याख्यानमालेत, ३ नोव्हेंबर रोजी, संत मार्टिन यांच्या सणाच्या संध्याकाळी दिलेले व्याख्यान)



सुवर्ण महोत्सव हा जसा आनंदाचा प्रसंग आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. प्राचीन इस्राएल लोक ५०वे वर्ष मुक्तीचे वर्ष मानीत. त्या वर्षी दास मोकळे होत, हातची गेलेली भूमी मूळ कुळाकडे परत येई, आणि शेतास विसावा मिळे. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात ही आज्ञा आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी, दर सातव्या वर्षाच्या विसाव्याविषयी सांगताना, आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. त्या वर्षी शेतात आपोआप जे उगवेल ते धन्याला, दासाला, मजुराला आणि परदेशी पाहुण्याला जसे खाण्यास मोकळे, तसेच ते गोठ्यातील गुरांना आणि रानातील जनावरांनाही मोकळे असावे, असे तेथे म्हटले आहे. तात्पर्य, ज्या अध्यायातून आपण महोत्सवाची कल्पना घेतली, त्याच अध्यायात पंक्तीला मुक्या जीवांचेही पान मांडलेले आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस एखाद्या संताच्या चरित्रावर बोलण्याची आज्ञा केली, आणि दिवस ३ नोव्हेंबरचा नेमून दिला. मग संत कोणता घ्यावा हा प्रश्न उरलाच नाही. आजचा दिवस हा संत मार्टिन द पोरेस यांच्या पुण्यस्मरणाचा दिवस होय. त्यांचे चित्र आपण पाहिले असेल. अंगावर डॉमिनिकन संघाचा काळा-पांढरा झगा, हाती झाडू, आणि पायांशी एकाच थाळीतून खाणारी तीन जनावरे : एक कुत्रा, एक मांजर आणि एक उंदीर. लहान मुले ते चित्र पाहून हसतात आणि मोठी माणसे त्यास शोभेची गोष्ट समजून पुढे जातात. ती जनावरे शोभेसाठी काढलेली नाहीत, हेच आज सांगण्याचा आमचा हेतू आहे. त्या थाळीत या पुरुषाचे सारे आयुष्य साठलेले आहे.

प्रथम देश आणि काळ यांविषयी दोन शब्द. दक्षिण अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठी, पेरू देशात लिमा नावाचे शहर आहे. १५३५ साली फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सेनापतीने ते वसविले. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १५३४ साली, आपली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली होती. पुढे १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल ही दोन्ही राज्ये एकाच राजाच्या छत्राखाली नांदली. संत मार्टिन यांचा जन्म १५७९ सालचा आणि मृत्यू १६३९ सालचा. म्हणजे त्यांच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात जो लिमाचा राजा, तोच वसईचाही राजा होता. वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकन मठाचे जे भग्न अवशेष आज आपण पाहतो, त्या मठातले बंधू ज्या संघाचे होते, त्याच संघाच्या लिमा येथील मठात त्या काळी मार्टिन केर काढीत होते. तेव्हा हा संत आपणांस वाटतो तितका परका नाही.

आणखी एक नाते आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे पिता पोर्तुगीज होते आणि माता येथल्याच मातीतली होती. फ्रान्सिस्कन संघात ते धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून राहिले, आणि १५९७ साली जपानातील नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी देह ठेवला. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद बहाल केले. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, ६ मे १९६२ रोजी, पोप तेविसावे जॉन यांनी मार्टिन यांचे नाव संतांच्या मालिकेत लिहिले. दोघेही मिश्र रक्ताचे, आणि दोघेही मठातील खालच्या पायरीवर उभे राहून सेवा करणारे. ज्या भूमीने गोन्सालो दिला, त्या भूमीस मार्टिन यांचे दुःख समजणे कठीण जाऊ नये.

कारण दुःख होतेच. लिमाच्या सॅन सेबास्तियन मंदिराच्या नोंदवहीत मार्टिन यांच्या स्नानसंस्काराची जी नोंद आहे, तीत आईचे नाव आना व्हेलास्केझ असे असून ती दास्यातून मुक्त झालेली स्त्री असल्याचा उल्लेख आहे. पित्याच्या ठिकाणी मात्र पिता अज्ञात असे लिहिले आहे. वास्तविक पिता अज्ञात नव्हता. हुआन द पोरेस नावाचा तो एक स्पॅनिश सरदार होता. परंतु मुलाचा वर्ण आईवर गेला होता, आणि त्या वर्णाच्या मुलास उघडपणे आपले म्हणणे त्यास अवघड वाटले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्याने मार्टिन आणि त्यांची बहीण हुआना या दोघांस आपली मुले म्हणून मान्य केले खरे, पण आरंभीची वर्षे त्या मातेने दारिद्र्यातच काढली. ज्यास कोणी आपले म्हणत नाही त्याच्या मनास काय वाटते, हे या बालकास पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वयाच्या १२व्या वर्षाच्या सुमारास मार्टिन एका न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिले. त्या काळचा न्हावी केवळ केस कापणारा नसे. जखमा धुणे, शिवणे, पट्ट्या बांधणे, रक्त काढणे, हाड बसविणे, झाडपाल्याची औषधे देणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. हे कौशल्य पुढे त्यांच्या दयेचे हात-पाय झाले. दया पुष्कळांच्या मनात उत्पन्न होते; परंतु जखम कशी धुवावी हे ज्यास ठाऊक असते, त्याचीच दया जखमेपर्यंत पोहोचते.

१५व्या वर्षी ते लिमा येथील पवित्र जपमाळेच्या मातेच्या डॉमिनिकन मठाच्या दाराशी आले. तेथेही दार अर्धेच उघडले. आफ्रिकी किंवा तद्देशीय रक्ताच्या मनुष्यास संघात पूर्ण सभासद म्हणून घेऊ नये, असा त्या काळी नियम होता. मार्टिन यांनी त्याबद्दल वाद घातला नाही. मठाचा चाकर या नात्याने त्यांनी प्रवेश मागितला, आणि झाडलोट, स्वयंपाकघर, धुणे, केशकर्तन, रुग्णसेवा ही कामे पत्करली. कित्येकांनी त्यांच्या रंगावरून त्यांचा उपहास केला. पुढे १६०३ साली, त्यांची योग्यता पाहून, मठाने त्यांस बंधू म्हणून व्रते घेऊ दिली. परंतु झाडू हातचा सुटला नाही. चित्रातही तो अद्याप त्यांच्या हाती आहे.

आता कोणी म्हणेल की, आपण जनावरांविषयी बोलणार होता, आणि अजून माणसांचेच सांगत आहा. त्याचे कारण आहे. मार्टिन यांची प्राणिदया समजून घ्यावयाची, तर त्यांची मनुष्यदया आधी पाहिली पाहिजे. दोन्हींचा झरा एकच आहे.

मठाच्या रुग्णालयाचे काम त्यांच्याकडे होते. आजाऱ्यांत ते सरदार आणि गुलाम असा भेद करीत नसत. रोगराईच्या दिवसांत रस्त्यावर पडलेल्या रोग्यांस ते मठात आणून निजवीत, आणि त्यामुळे मठातील इतरांस बाधा होईल या भयाने वरिष्ठांनी त्यांस मनाई केली. त्यानंतर एके दिवशी शस्त्राचा घाव लागून रक्तबंबाळ झालेला एक गरीब तद्देशीय मनुष्य त्यांस रस्त्यात आढळला. मार्टिन यांनी त्यास उचलून आपल्याच खोलीत आणले. वरिष्ठ रागावले. तेव्हा त्यांनी नम्रतेने क्षमा मागितली, आणि प्रीतीच्या आज्ञेपेक्षा आज्ञापालनाचा नियम वरचढ आहे हे आपणांस ठाऊक नव्हते, या अर्थाचे उत्तर दिले. ते ऐकून वरिष्ठांनी पुढे त्यांस दयेची मोकळीक दिली, असे सांगतात. लिमा शहरातील टाकलेल्या आणि पोरक्या मुलांसाठी आश्रय उभा करण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

एकदा मठ कर्जात बुडाला, आणि मठाधिपती काही मौल्यवान वस्तू विकण्यास बाजाराकडे निघाले. मार्टिन त्यांच्यामागे धावत गेले, आणि त्या वस्तू ठेवून त्यांच्याऐवजी आपणांस गुलाम म्हणून विकावे, अशी त्यांनी विनंती केली. मठाधिपतींनी त्यांस अर्थातच परत पाठविले. जो मनुष्य स्वतःला विकण्यास सिद्ध होतो, त्यास कोणत्याही जीवाची किंमत नाण्यांत करता येत नाही; म्हणून ही गोष्ट आम्ही येथे सांगितली.

आता त्या थाळीकडे वळू.

मार्टिन यांच्या मृत्यूनंतर, १६६० सालापासून, ज्यांनी त्यांस प्रत्यक्ष पाहिले होते अशा लोकांच्या साक्षी ख्रिस्तसभेने नोंदविण्यास प्रारंभ केला. त्या साक्षींतून आणि जुन्या चरित्रांतून जनावरांच्या अनेक कथा आल्या आहेत. त्यांतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. आम्हांस त्या कथांतील रोजच्या वागणुकीचा भाग अधिक मोलाचा वाटतो.

पहिली कथा उंदरांची. रुग्णालयातील चादरी आणि कपडे उंदीर कुरतडीत असत. त्यांस मारण्याचा उपाय योजावा असे इतर बंधूंचे म्हणणे पडले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. फाटकी चादर शेवटी आजाऱ्याच्याच अंगावर जाणार. मार्टिन यांनी एक उंदीर पकडला. त्यास न मारता त्यांनी सांगितले की, तू आणि तुझ्या सोबत्यांनी हे घर सोडून बागेच्या टोकाशी राहावे. मी रोज तेथे तुमचे अन्न आणून देईन. उंदीर निघून गेले, आणि मार्टिन यांनी आपला शब्द पाळला, अशी ही कथा आहे. यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. त्यांनी उंदरांस रुग्णालयात राहू दिले नाही; आजाऱ्यांचा हक्क त्यांनी आधी राखला. परंतु घालवून देताना, जावयाचे कोठे आणि खावयाचे काय, याची तजवीज त्यांनी केली. नुसते हाकलून देणे कोणासही येते. आमच्या समजुतीप्रमाणे या कथेचे सार त्या तजविजीत आहे.

दुसरी कथा कुत्र्यांची आणि मांजरांची. जखमी जनावर मठाच्या दाराशी आले की, मार्टिन त्याची जखम धुऊन ती शिवीत आणि त्यास निजावयास जागा देत. अशी जनावरे वाढत चालली, आणि मठात त्यांची अडचण होऊ लागली. तेव्हा मार्टिन यांनी मठाचा नियम मोडला नाही, आणि जनावरेही टाकली नाहीत. शहरात त्यांची बहीण हुआना हिचे घर होते. तेथे त्यांनी आजारी आणि बेवारशी कुत्र्या-मांजरांची सोय केली. पशुवैद्यकाच्या शाळा युरोपातही निघालेल्या नव्हत्या, अशा काळात एका मठसेवकाने बहिणीच्या घरात जनावरांचे रुग्णालय चालविले, ही केवढी गोष्ट आहे! आणि आम्हांस येथे हुआनाचेही स्मरण करावेसे वाटते. भाऊ संत झाला. पण अंगणात ओरडणारी, घाण करणारी, भुकेली जनावरे नित्य सांभाळणारी ती गृहिणी होती. तिचे चित्र कोणत्याही वेदीवर नाही. ज्यांच्या घरातील एकजण दयाळू असतो, त्या घरातील बाकीच्या माणसांस ती दया निस्तरावी लागते, हे आपणांपैकी पुष्कळांस अनुभवाने ठाऊक असेल.

तिसरी कथा अधिक करुण आहे. मठाचा व्यवहार पाहणाऱ्या एका बंधूंजवळ एक कुत्रा होता. अनेक वर्षे त्याने त्यांची सोबत केली. पुढे तो म्हातारा झाला, त्याच्या अंगास दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा त्यास मारून टाकण्याचा हुकूम झाला. मार्टिन यांस हे कळले तेव्हा त्यांनी त्या बंधूंस कृतघ्नतेबद्दल सौम्य शब्दांत दोष दिला, आणि त्या कुत्र्यास ते आपल्या खोलीत घेऊन गेले. मेलेला कुत्रा त्यांच्या प्रार्थनेने उठला असे कथा सांगते. तो उठल्यावर मार्टिन यांनी त्यास पुन्हा त्या धन्याच्या वाटेस न जाण्याविषयी बजावले, असेही ती सांगते. बंधुभगिनींनो, कथेचा पूर्वार्ध मात्र चमत्कार नव्हे. तो आजही आपल्या गल्लीत घडत असतो. आपल्या वाडीतील विहिरीवर जेव्हा रहाट चालत, तेव्हा त्यास जुंपलेले जनावर दिवसभर एकाच वर्तुळात फिरून आपली पानवेल आणि केळी जगवीत असे. त्या जनावराच्या म्हातारपणी त्याचे काय झाले, हे आपल्या कितीशा घरांत आठवते?

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो खोटा नाही, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माणसे उपाशी असताना कुत्र्यांस भाकरी का घालावी? रुग्णालयात खाटा अपुऱ्या असताना जनावरांच्या औषधावर पैसा का वेचावा? हा प्रश्न विचारणारे सर्वच निर्दय नसतात.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २४१५ ते २४१८ या परिच्छेदांत तो सापडेल. तेथे एकीकडे असे सांगितले आहे की, जनावरे ही देवाची निर्मिती असून त्यांच्याशी मायेने वागणे हे आपले देणे आहे, आणि त्यांस विनाकारण यातना देणे वा मारणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही. संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी जनावरांशी किती कोमलतेने वागत याचे तेथे स्मरण दिले आहे. दुसरीकडे असेही बजावले आहे की, माणसांच्या दुःखनिवारणास जो पैसा अग्रक्रमाने लागला पाहिजे तो जनावरांवर उधळणे योग्य नव्हे, आणि जे प्रेम केवळ माणसास द्यावयाचे ते जनावरांवर नेऊन ठेवू नये. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच दोन टोके सांधली आहेत. ज्यास इतर जीवांविषयी कळवळा वाटतो, पण शेजारच्या माणसाविषयी वाटत नाही, त्याचा कळवळा खरा नव्हे. आणि जो मुक्या जीवाशी क्रूर होतो, त्याची क्रूरता पुढे माणसापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.

मार्टिन यांचे आयुष्य या शिकवणीचे जिवंत भाष्य आहे. कुत्र्याची जखम शिवणारा त्यांचा हात आणि रक्तबंबाळ मनुष्यास स्वतःच्या खोलीत आणणारा त्यांचा हात, हे दोन नव्हते. पोरक्या मुलांचा आश्रय आणि बहिणीच्या घरातील जनावरांचा आश्रय, ही दोन्ही एकाच मनुष्याची कामे होती. मुलांचे दूध काढून त्यांनी मांजरांस पाजले, असे कोणी साक्षीदार सांगत नाही. ते स्वतः मांस वर्ज्य करीत, उपवास करीत; त्यांनी जे दिले ते दुसऱ्याच्या पानातून काढून दिले नाही. दया ही कणगीतील भातासारखी मोजकी असती, तर एकास मापून घातल्याने दुसऱ्यास कमी पडली असती. ती विहिरीच्या झऱ्यासारखी आहे. उपसली नाही तर विहीर गाळाने भरते.

पवित्र शास्त्रही हेच सांगते. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले, तर त्यास हात देण्याची आज्ञा निर्गम ग्रंथात आहे. मळणीच्या बैलास मुसके घालू नये, असे अनुवाद ग्रंथ सांगतो. निनवे नगरीवर दया करताना तेथील माणसांबरोबर जनावरांचाही विचार देवाने केला, हे योना ग्रंथाच्या अखेरीस आहे. आणि विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी कोण बाहेर काढणार नाही, असा प्रश्न खुद्द प्रभू येशूने केला. ज्या दारिद्री लाजरास श्रीमंताच्या दारी कोणी विचारले नाही, त्याचे फोड चाटावयास कुत्रीच आली होती, हेही आपण शुभवर्तमानात वाचतो.

या बाबतीत आपल्या शेजारच्या धर्मबंधूंनी आपणांस पुष्कळ मागे टाकले आहे, हे मान्य केले पाहिजे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि गुजराती व्यापारी मंडळी यांच्या औदार्याने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. बेवारशी आणि म्हाताऱ्या जनावरांस मरेपर्यंत आश्रय देणे, हे त्याचे कार्य. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली, आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत परळ येथे बाई साकराबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. केवळ रागाने काही साधत नाही. राग शमल्यावर कोणी तरी जागा, दाणा आणि वैद्य यांची सोय करावी लागते. लिमातील हुआनाच्या घरात जे लहान प्रमाणावर घडले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले.

येथवर आम्ही दूरच्या गोष्टी सांगितल्या. आता जवळची एक सांगतो, आणि ती सांगताना आम्हांस लाज वाटते.

काही वर्षांमागे वार्षिक सणाची तयारी चालली होती. मंडप उभारावयाचा होता. सभागृहाच्या जिन्याखाली एक कुत्री व्यालेली होती. पाहुणे यावयाचे, ते काय म्हणतील, अशी चर्चा निघाली. रात्रीच्या वेळी कोणी ती पिल्ले गोणपाटात घातली आणि खाडीपलीकडे नेऊन सोडली. ज्या बैठकीत हे ठरले त्या बैठकीत आम्ही बसलो होतो. आम्ही होकार दिला नाही. पण नकारही दिला नाही. आम्ही गप्प बसलो, आणि आपण काही केले नाही, या समाधानात घरी जाऊन निजलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याच धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी, जिच्या घरी स्वतःच्या चुलीची भ्रांत होती, ती खाडीपलीकडे चालत गेली. चार पिल्लांपैकी दोनच तिला सापडली. ती तिने पदरात घालून आणली. मंडपाजवळ ती आम्हांस भेटली आणि म्हणाली, “भाऊ, सणाला घर झाडावे, घरातल्यांना झाडून टाकू नये.” एवढे बोलून ती गेली. ती दोन पिल्ले तिने वाढविली. पुढे ती मावशी प्रभूघरी गेली. तिने संत मार्टिन यांचे चरित्र वाचले असेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु झाडू हाती असलेल्या त्या संताचे चित्र पाहिले की, आम्हांस तिचे वाक्य आठवते. मार्टिन यांनी आयुष्यभर झाडले. पण झाडता झाडता एकाही जीवास दाराबाहेर लोटले नाही.

गप्प बसण्याचे पाप आम्ही पापनिवेदनात सांगितले आहे. परंतु प्रायश्चित्त शब्दांनी पुरे होत नाही, म्हणून या महोत्सवी वर्षात तीन लहान गोष्टी आम्ही आपणांपुढे ठेवतो.

पहिली. आपल्या आवारातील आणि गल्लीतील कुत्र्यांस हाकलून देण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि अलर्करोगाची लस यांची व्यवस्था पशुवैद्यांच्या साह्याने करावी. मुलांचे रक्षण हे आधी आहे. मार्टिन यांनी आजाऱ्यांचे रक्षण आधी पाहिले, हे आपण ऐकलेच. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अलर्करोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. परंतु वेळेवर धुतलेली जखम आणि वेळेवर टोचलेली लस मनुष्यास वाचविते. हे ज्ञान प्रत्येक घरी असावे. भीती कमी झाली की क्रौर्यही कमी होते.

दुसरी. ज्या जनावराने आपली सेवा केली, मग तो बैल असो, म्हैस असो, राखणीचा कुत्रा असो, त्याच्या म्हातारपणाची तजवीज त्याच्या तरुणपणीच मनात धरावी.

तिसरी. मंदिराच्या दाराशी एक लहान पेटी ठेवावी. परंतु गरिबांच्या पेटीतून एक रुपयाही तिकडे वळू नये. जो आपल्या चहातील, आपल्या फटाक्यांतील, आपल्या मंडपाच्या झालरीतील वाचवील, त्याने तीत टाकावे. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी असाव्यात, म्हणजे एकीत टाकताना दुसरीची आठवण राहील.

३ नोव्हेंबर १६३९ रोजी मार्टिन यांनी देह ठेवला. ज्यास नोंदवहीत पित्याचे नाव मिळाले नव्हते आणि मठात पूर्ण प्रवेश मिळाला नव्हता, त्याच्या अंतिम यात्रेस लिमातील थोर-लहान सर्व लोटले. १८३७ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी त्यांस धन्य म्हणून घोषित केले, आणि त्यानंतर १२५ वर्षांनी ते संत झाले. ख्रिस्तसभेस हे ओळखण्यास ३०० वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांच्या खोलीबाहेर शेपूट हलवीत बसणाऱ्या जीवांस ते फार आधी कळले होते.

बंधुभगिनींनो, पुढील ५० वर्षांनंतर या धर्मग्रामाची शताब्दी होईल. तेव्हाच्या स्मरणिकेत आपण उभारलेल्या भिंतींची यादी येईलच. त्या यादीखाली एक ओळ अशीही यावी की, या लोकांच्या दाराशी आलेला कोणताही जीव, दोन पायांचा वा चार पायांचा, सणाच्या नावाने बाहेर टाकला गेला नाही. तशी ओळ लिहिण्याजोगे वर्तन आपणांकडून घडावे, म्हणून संत मार्टिन आपणांसाठी प्रभूपाशी विनंती करोत.

 प्रभू आपणां सर्वांस, आणि आपल्या गोठ्यातल्या, अंगणातल्या व वळचणीतल्या सर्व जीवांस, आशीर्वाद देवो. आमेन.